सहजी कापला न जाणारा धागा आणि ऊसतोडीचा हातमोजा

— ऊस विकास अधिकारी

मागील हंगामाच्या तोंडावर एका गट कार्यालयात सभासदांची बैठक होती. तोड जमिनीलगत घ्यावी, बुडखा ठेवू नये, पाचट जाळू नये, असे दरसालचे मुद्दे मी सांगत होतो. मागच्या बाजूला बसलेले एक वयस्कर सभासद उठून म्हणाले, "साहेब, पोलिसांना गोळी अडवणारा अंगरखा मिळतो म्हणतात. मग आमच्या फडातल्या बाईला कोयता अडवणारा हातमोजा का मिळू नये?" बैठकीत हशा पिकला. मीही हसलो. पुढे थोडे वाचन केले, दोन-तीन प्रकारचे हातमोजे आणून पाहिले, तेव्हा ध्यानात आले की म्हातारबुवांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नव्हता. गोळी अडवणारा अंगरखा आणि धार सोसणारा हातमोजा हे पुष्कळदा एकाच धाग्याचे असतात. मात्र धार सोसणे निराळे आणि कोयता अडवणे निराळे. हा फरक नीट कळावा म्हणून हा लेख.

सभासद बंधू-भगिनींनो, हातमोज्याचा विषय टोळीचा आहे, मुकादमाचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. जमिनीलगत तोडा, हा आग्रह आपला. खालच्या कांड्यांत साखर जास्त असते आणि खोडव्याचे फुटवे जमिनीखालून जोमदार यावे लागतात, म्हणून तो योग्यच आहे. ऊस जाळून तोडू नका, हाही आग्रह आपलाच. पण त्याची दुसरी बाजू पाहा. तोडणारा माणूस कमरेत वाकतो, डाव्या हाताने उसाची बुडे कवळतो, आणि त्या हातापासून वीतभर अंतरावर कोयता पडतो. उसाच्या पानाच्या कडेला बारीक दाते असतात आणि पानात वाळूचेच तत्त्व म्हणजे सिलिका असते. त्यामुळे हिरवे पान ओढले की करवत फिरावी तसे कातडे चिरते. ज्या जातींना कूस जास्त, तिथे हाताची आग वेगळीच. जळका ऊस तोडताना हा त्रास कमी होतो. म्हणजे आपल्याला हिरवा, स्वच्छ, जमिनीलगत तोडलेला ऊस मिळतो, त्याची काही किंमत कुणाच्या तरी तळहाताने दिलेली असते.

नुसता ओरखडा म्हणून त्याकडे पाहू नये. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात १९३४-३५ साली ऊसतोडणी कामगारांत कावीळ आणि ताप घेऊन येणारा एक आजार पसरला. आज आपण त्याला लेप्टोस्पायरोसिस म्हणतो. उंदरांच्या मुतातले जंतू फडातल्या ओल्या पाचटातून आणि चिखलातून हातापायाच्या चिरांवाटे शरीरात शिरत. उंदीर मरावेत म्हणून ऊस आधी जाळावा, मगच तोडू, अशी मागणी कामगारांनी केली आणि त्यासाठी संपही झाला. जाळण्याची चाल तिकडे रुजण्यामागे हे एक मोठे कारण होते. आपण आज न जाळण्याचा प्रचार करतो, तर हाताच्या चिरांचा विचारही आपणच करायला हवा.

आता त्या धाग्याकडे येऊ.

अमेरिकेत डेलावेअर राज्यात विल्मिंग्टन हे शहर आहे. तिथे ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक नावाच्या बाई रसायनतज्ज्ञ होत्या. जन्म १९२३ चा, वडील लहानपणीच वारलेले. डॉक्टर व्हायचे मनात होते, त्यासाठी पैसा जमवावा म्हणून १९४६ साली नोकरी धरली आणि तिथेच रमल्या. १९६४ च्या सुमारास त्यांच्या गटापुढे काम होते ते मोटारीच्या टायरमध्ये घालण्यासाठी हलका पण कणखर धागा शोधण्याचे. पेट्रोलची टंचाई येईल, तेव्हा गाड्या हलक्या असाव्यात, हा त्यामागचा हिशेब.

असा धागा करायचा म्हणजे आधी रसायनाचा पाक करायचा आणि मग तो बारीक छिद्रांच्या चकतीतून दाबून काढायचा. आपल्या घरी सोऱ्यातून शेव पाडतात, तसाच प्रकार. चांगला पाक म्हणजे काकवीसारखा दाट आणि नितळ, अशी तेव्हाची समजूत. क्वोलेकबाईंच्या हाती १९६५ साली आला तो पाक मात्र पातळ आणि गढूळ, अगदी ताकासारखा. दुसऱ्या कोणी तो मोरीत ओतला असता. धागा काढण्याच्या यंत्रावरचे तंत्रज्ञ चार्ल्स स्मलन तो यंत्रात घालायलाच तयार होईनात. गढूळपणा म्हणजे आत कण असणार आणि छिद्रे बुजणार, अशी त्यांना भीती. बाईंनी पाक गाळून दाखवला, चिकाटीने विनवले, तेव्हा कुठे यंत्र चालले. धागा निघाला आणि तुटेना. चाचणीचे आकडे आले ते इतके मोठे की बाईंनी स्वतःच त्यावर विश्वास न ठेवता चाचणी पुन्हा पुन्हा करून घेतली. मगच वरच्यांना सांगितले. शेतकी खात्यात उमेदवारी केलेल्या माणसाला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडे एका प्लॉटचा उतारा जरा जास्त आला की दुसऱ्या दिवशी फलक लागतो.

तो पाक गढूळ का होता? नायलॉनचे रेणू लांब आणि लवचिक असतात, गुंता झालेल्या सुतळीसारखे. या नव्या पदार्थाचे रेणू ताठ काठ्यांसारखे होते. ट्रॉलीत ऊस आडवातिडवा फेकला तर पोकळ्या राहतात. तोच बुडे एका बाजूला, शेंडे एका बाजूला करून रचला की गच्च बसतो. या पाकात रेणू आपोआप असेच एका दिशेने रचले जात होते, आणि छिद्रातून दाबताना आणखी सरळ होत होते. असा रचलेला धागा ओढला की ताण सगळ्या रेणूंवर सारखा पडतो. वजनास वजन घेतले तर तो पोलादाच्या सुमारे पाचपट ताण सोसतो. पुढे कंपनीतल्या इतरांनी धागा काढण्याची रीत सुधारली आणि १९७१ पासून हा धागा केव्हलार या नावाने बाजारात आला. क्वोलेकबाई १९८६ साली निवृत्त झाल्या आणि २०१४ साली वारल्या. पेटंटचे हक्क कंपनीकडे होते, त्यामुळे धाग्यावरची कमाईही कंपनीचीच.

दुसरा धागा हॉलंडचा. तिथल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेम्स्ट्रा यांनी १९७९ च्या सुमारास पॉलिएथिलीनपासून धागा काढण्याची नवी पद्धत बसवली. पॉलिएथिलीन म्हणजे तेच, ज्याची आपली ठिबकची नळी होते. फरक एवढाच की यातल्या रेणूंची साखळी कितीतरी लांब असते. ती द्रवात विरघळवून, सैल करून, मग ताणत ताणत सरळ करतात. हा धागा पाण्यावर तरंगतो, हाताला गार लागतो आणि गुळगुळीत असल्याने पाते त्यावरून घसरते. १९९० पासून त्याचे मोठे उत्पादन सुरू झाले. डायनीमा हे त्याचे बाजारातले नाव. मात्र सुमारे १४५ अंशाला तो वितळतो आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतो. ज्यांच्याकडे गुऱ्हाळ आहे त्यांनी हा हातमोजा काहिलीजवळ वापरू नये. केव्हलार वितळत नाही, पण ओला झाला तर चटका तोही आत पोचवतो.

तिसरा मार्ग जुना, लोखंडाचा. पाश्चात्त्य देशांत खाटीक लोक बारीक पोलादी कड्यांचा हातमोजा घालत. तो सुरीला पुरून उरतो, पण जड आणि थंड. १९७७ साली अमेरिकेत रॉबर्ट बायर्न्स यांना पोलादी तार आणि सुती किंवा कृत्रिम धागा एकत्र विणलेल्या हातमोज्याचे पेटंट मिळाले. तिथून जोडधाग्याचा काळ सुरू झाला. मध्ये केसासारखी पोलादी तार किंवा काचेचा तंतू, त्याभोवती केव्हलारचा किंवा डायनीमाचा वेढा, आणि सर्वांत बाहेर हाताला बोचू नये म्हणून नायलॉन. आज बाजारात चांगल्या प्रतीचा म्हणून जो हातमोजा मिळतो, तो बहुधा असाच असतो. एकट्या केव्हलारचा पातळ हातमोजा गोळीच्या अंगरख्यासारखा नाही, हे मला आधी माहीत नव्हते. अंगरख्यात कापडाचे पुष्कळ थर एकावर एक असतात, हातमोज्यात एकच.

पाते आणि धागा समोरासमोर आले की होते काय? तार किंवा काच कठीण असते, ती पात्याची धारच बोथट करते. मधला धागा चिवट, तो तुटत नाही. गुळगुळीत धाग्यावरून पाते घसरते. आणि चौथी गोष्ट विणीची. ताणलेला दोर कोयत्याने लवकर तुटतो, सैल दोर निसटतो, हे आपण रोज पाहतो. विणलेल्या हातमोज्यात धागा पात्याखालून लोळून बाजूला सरकू शकतो. म्हणूनच घट्ट शिवलेल्या कापडापेक्षा विणलेला हातमोजा धार चांगली सोसतो.

या विणीचे यंत्र जपानमधले. वाकायामा शहरातल्या मासाहिरो शिमा यांनी १९६० च्या दशकात हातमोजे आपोआप विणणारे यंत्र केले. त्याआधी, अगदी तरुण वयात, त्यांनी एक साधी युक्ती काढली होती. कामगारांच्या हातमोज्यांची मनगटे ढगळ असत, ती यंत्रात अडकून हात ओढले जात. शिमांनी मनगटात रबरी धागा विणला. ही छोटी गोष्ट लक्षात ठेवा. तिचा पुढे उपयोग आहे.

हातमोजा किती धार सोसतो हे मोजण्याचे युरोपातले प्रमाण ईएन ३८८ या नावाने ओळखले जाते. हातमोज्यावर हातोड्याचे चित्र असते आणि त्याखाली चार आकडे व त्यापुढे एक अक्षर. आकडे अनुक्रमे घासणे, कापणे, फाटणे आणि टोचणे यांचे. कापण्याची जुनी चाचणी अशी की एक गोल पाते ठरावीक भाराने मागे-पुढे फिरवायचे आणि सुती कापडाच्या तुलनेत हातमोजा किती फेरे टिकतो ते मोजायचे. यात एक गफलत होती. आत काच किंवा तार असली की पातेच बोथट होई आणि आकडा फुगून येई. म्हणून २०१६ साली प्रमाण सुधारले. अशा मालासाठी आता दरवेळी कोरे, सरळ पाते घेऊन ते २० मिलिमीटर सरकताना हातमोजा कापला जायला किती भार लागतो, ते पाहतात. त्यावरून ए पासून एफ पर्यंत अक्षर मिळते. ए म्हणजे २ न्यूटन, डी म्हणजे १५, एफ म्हणजे ३०. आपल्या भाषेत सांगायचे तर ए म्हणजे पात्यावर पावशेराहून कमी वजन, डी म्हणजे दीड किलोच्या आसपास, एफ म्हणजे तीन किलो. नुसते मोठ्या अक्षरात "कट प्रूफ" छापले असेल आणि ही खूण नसेल, तर तो हातमोजा मुकाट्याने परत ठेवावा.

आता म्हातारबुवांच्या प्रश्नाचे उत्तर. या सगळ्या चाचण्या सरकणाऱ्या पात्याच्या आहेत, पडणाऱ्या कोयत्याच्या नाहीत. एफ अक्षराचा हातमोजा तीन किलोचा भार सोसतो. खांद्यापासून आलेला कोयत्याचा घाव त्याच्या कितीतरी पटीचा. अशा घावात धागा न तुटला तरी खालचे हाड मोडू शकते. तेव्हा हातमोजा घातला म्हणून हात बुडाच्या आणखी जवळ नेला, तर तो हातमोजा घात करील. त्याचा खरा उपयोग आहे तो पानांच्या चिरांपासून, तुटक्या बुडख्यांच्या टोकांपासून, निसटत्या, ओझरत्या धारेपासून आणि कोयता कानसताना होणाऱ्या जखमांपासून. माझ्या पाहण्यात तरी रोजच्या जखमा बहुतेक याच असतात. पण विणीला छिद्रे असतात, म्हणून बारीक काटा किंवा दाभण आरपार जाते. त्यासाठी तळव्यावर रबरी लेप असलेला घ्यावा.

याहून महत्त्वाची सूचना घरच्या यंत्राबद्दल. हा हातमोजा घालून कडबाकुट्टीजवळ, मळणीयंत्राजवळ किंवा कोणत्याही फिरत्या रुळाजवळ जाऊ नये. सुती हातमोजा रुळात सापडला तर कधी कधी फाटतो आणि बोटावर निभावते. हा धागा फाटत नाही. तो बोट सोडत नाही, मनगट ओढतो, हात ओढतो. ज्या गुणासाठी आपण तो विकत घेतो, तोच तिथे वैरी होतो. शिमांच्या रबरी मनगटाची गोष्ट मघाशी सांगितली ती यासाठी. कुट्टीला उपाय हातमोजा नव्हे. तोंडाशी लांब पन्हळ, वैरण लोटायला लाकडी दांडके, आणि हाताशी येईल असा बंद करण्याचा खटका, हे उपाय आहेत.

झाडे तोडायची साखळी-करवत हल्ली काही सभासदांकडे आली आहे, म्हणून जाता जाता सांगतो. तिच्यासाठी मिळणाऱ्या विजारीचे तत्त्व अगदी उलटे आहे. तिच्यात लांब, मोकळ्या तंतूंचे थर असतात. साखळी कापडाला लागली की तंतू बाहेर ओढले जाऊन चाकाभोवती गुंडाळतात आणि करवत जागीच अडकते. नांगराच्या फाळात जुना दोर गुंतावा तसे.

इतर ऊस देशांत काय करतात? ब्राझीलमध्ये २००५ साली शेतीकामाच्या सुरक्षेचे नियम आले. संरक्षक साधने मालकाने फुकट द्यावीत, असे त्यात आहे. तिथला तोडणीदार हातमोजे, नडगीवर कठीण पट्टी, पुढे पोलाद असलेले बूट, चष्मा आणि मानेवर पदर असलेली टोपी घालतो. नडगीची पट्टी मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण निसटलेला कोयता बहुधा पायावर येतो, आणि तिथे धागा नव्हे तर कठीण पत्राच लागतो. पण सगळे अंगावर चढवून उन्हात राबणे सोपे नाही. निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये ऊसतोडणी कामगारांत मूत्रपिंडाचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला. उन्हातले कष्ट आणि शरीरातले पाणी कमी होणे हे त्याचे मोठे कारण मानतात. तेव्हा जाड कपडे देणाऱ्याने आधी पाण्याची आणि सावलीची सोय करावी. आपल्याकडच्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात आणि डोक्याला फडके बांधतात. हवा खेळती राहते, हात झाकले जातात. कोणत्याही प्रयोगशाळेत न गेलेला हा संरक्षक पोशाख मला तरी उत्तम वाटतो.

गेल्या हंगामात मी चार हातमोजे एका टोळीला वापरायला दिले. डी अक्षराचे, फक्त डाव्या हातासाठी. उजव्या हातात कोयता असतो, तिथे मूठ घसरू नये म्हणून मोकळा हातच बरा. पहिल्या दिवशी दहा वाजेपर्यंत दोन हातमोजे बांधावर पडलेले दिसले. चूक माझीच होती. मापे पुरुषांची आणली होती, बायांच्या बोटांपुढे अर्धा इंच रिकामा राहत होता. वाढ्याची गाठ मारून मोळी बांधता येईना. शिवाय तळव्याचा लेप गुळगुळीत होता, त्यावर दव आणि रस लागला की ऊस सटके. नंतर लहान मापाचे आणि खरबरीत लेपाचे आणले, ते हातात टिकले. एका बाईने बोटाचे टोक स्वतःच कापून टाकले, गाठ मारायला सोपे जावे म्हणून. मी रागावणार होतो, पण तिचेच बरोबर होते. चिरा बोटांच्या मधल्या भागावर आणि तळव्यावर पडतात.

पाचव्या दिवशी पुन्हा गेलो, तर एका जोडीचा हातमोजा दिसेना. विचारल्यावर बाईने कोपीत जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला कोरा हातमोजा आणून दाखवला. हाताला चिंधी बांधलेली. म्हणाली, "खराब झाला तर उचलीतून कापतील म्हणून जपून ठेवलाय, साहेब." नवरा-बायकोच्या जोडीला आपण 'एक कोयता' म्हणतो. त्या कोयत्याचा हिशेब कसा मांडला जातो, हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

निगा सोपी आहे. रात्री साध्या साबणाने धुवावा, ब्लीचिंग पावडर लावू नये, सावलीत वाळवावा. केव्हलारला ऊन सोसत नाही, पिवळा रंग तपकिरी होत जातो आणि धागा कमजोर पडतो. वीण उसवली किंवा आतली तार टोचू लागली की तो टाकून द्यावा.

दोन मापांचे नमुने येत्या हंगामापूर्वी सर्व गट कार्यालयांत पाहायला ठेवणार आहोत. सभासदांनी येऊन हातात घालून पाहावेत, जमल्यास घरच्या बायकांनाही आणावे, कारण मापाचा अंदाज त्यांनाच चांगला येईल. आपल्या फडातल्या टोळीला ज्यांना हातमोजे द्यायचे असतील त्यांनी ते मुकादमाकडे न देता ज्याच्या त्याच्या हातात द्यावेत आणि सोबत चिठ्ठी द्यावी : "हा हातमोजा फुकट दिला आहे, परत घ्यावयाचा नाही, फाटल्यास पैसे कापावयाचे नाहीत." वाचता येत नसेल तर चिठ्ठी मुकादमासमोर मोठ्याने वाचून दाखवावी.